श्रीपत, रमाबाई आणि आमच्या घरातला बाप्तिस्मा

गेले तीन रविवार इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकच विषय चालू आहे. मुलीचा बाप्तिस्मा कधी करायचा? पप्पा विचारतात, आई पप्पांकडे बघते, बायको माझ्याकडे. मी चहाच्या कपाकडे.

चर्चला जाणं मी चार वर्षांपूर्वी थांबवलं. भांडण झालं नाही की कुणी दुखावलं नाही. ऑफिसात एखादी गोष्ट का चालते हे कळल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, ही सवय लागली आणि ती रविवारीही सुटेना. त्रैक्य म्हणजे नेमकं काय, हे मी पाळकांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली.

आमचं घराणं शरणपूरचं. नाशिककरांना शरणपूर म्हणजे शरणपूर रोड, सिग्नल आणि कपड्यांची दुकानं. मुळात ती चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांची शाळाही तिथे होती. लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत त्या शाळेत शिकलेला जेकब वेनराइट होता. हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही, नंतर वाचून कळलं. असो.

माझ्यासारखे आधी कोण होते, हे शोधताना श्रीपत शेषाद्री सापडला. साल 1843, मुंबई. थोरला भाऊ नारायण मिशनच्या शाळेत शिकून ख्रिस्ती झाला. धाकटा श्रीपत साधारण बारा वर्षांचा, तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला, त्यांच्यात जेवला. वडील कोर्टात गेले. इतक्या लहान मुलाचा ताबा बापाकडेच, असा निकाल लागला आणि मनाविरुद्ध श्रीपत घरी परतला.

घरी आला, पण जातीत नाही. मिशनऱ्यांच्या पंगतीला बसलेला मुलगा प्रायश्चित्त देऊन परत घ्यावा का, यावर ब्राह्मण मंडळींत रण पेटलं. 'दर्पण'वाले बाळशास्त्री जांभेकर घ्यावा म्हणाले, तर सनातनी त्यांच्यावरच बहिष्काराची भाषा करू लागले. एका बाजूला मिशन, दुसऱ्या बाजूला धर्मसभा, मध्ये कोर्ट. या सगळ्यात त्या पोराला काय पटत होतं, हा प्रश्न फार थोड्यांना पडला. सातवीतल्या मुलाएवढं वय. मला तो आमच्या सोसायटीत सायकल फिरवणाऱ्या पोरांत दिसतो. नारायण शेषाद्री पुढे मोठे पाळक झाले, जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव त्यांनी वसवलं. त्यांच्यावर चरित्रं आहेत. श्रीपत मात्र खटल्यापुरता उरला.

दुसरी सापडली ती पंडिता रमाबाई. 'मुक्ती मिशनच्या रमाबाई' म्हणून आजीच्या खोलीत त्यांचा फोटो होता, त्यामुळे मी त्यांना माझ्या विरुद्ध पार्टीत धरलं होतं. मग त्यांची पत्रं वाचली. 1883च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा, आणि त्यानंतर लगेच प्रश्न सुरू. त्रैक्य का मानायचं? बायबलात आहे ते पुरेसं का नाही, चर्चने ठरवलेली मतपत्रिका वर कशाला? क्रूसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नकोत? शाकाहारही सोडला नाही. सिस्टर जेराल्डिन वैतागून त्याला गर्व म्हणत. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये म्हणून भारतातले बिशप आडवे आले, तेव्हाही त्यांनी लेखी वाद घातला. ज्या बाईने शास्त्र्यांचं ऐकलं नाही, ती पाळकांचं तरी का ऐकेल?

ही पत्रं 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापली. संपादक अ. भि. शहा, पक्के बुद्धिवादी. म्हणजे एका श्रद्धावान बाईचे प्रश्न एका अश्रद्ध माणसाने जपून आपल्यापर्यंत आणले.

खरं सांगायचं तर मला जरा राग आला. इतके प्रश्न विचारून ही बाई ख्रिस्तीच राहिली! मी तर तेवढ्याच प्रश्नांवर बाहेर पडलो. तिची श्रद्धा मला पटत नाही. पण माझं बाहेर पडणं हाच विचार करण्याचा एकमेव पुरावा आहे, ही माझी घमेंड मात्र त्या पत्रांनी उतरवली.

परवा पप्पांना मी नारायण वामन टिळकांचं उदाहरण दिलं. आमच्या 'उपासना संगीता'त त्यांची गाणी आहेत, पप्पांना ती तोंडपाठ. म्हटलं, याच टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मग तुमच्या नातीला का नाही?

पप्पा बराच वेळ गप्प बसले. आई आतून म्हणाली, लक्ष्मीबाई आपल्या इथल्याच, जलालपूरच्या. टिळक ख्रिस्ती झाले तरी त्या पाचेक वर्षं थांबल्या होत्या, पटेपर्यंत.

"पण त्यांचं त्यांनी ठरवलं," पप्पा म्हणाले. "हिचं कोण ठरवतंय? तू का मी?"

मुलगी सात महिन्यांची आहे. तिने तेवढ्यात पप्पांचा चष्मा ओढला आणि तो विषय पुढच्या रविवारवर गेला.