एक पेडल, तीन चाकं: जोडलेल्या ब्रेकची गोष्ट

हेडफोन लावून ऐकायला ज्यांना जमलं नाही, त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड लिहून. विषय आहे जोडलेले ब्रेक. म्हणजे एकच लिव्हर किंवा एकच पेडल दाबलं की पुढचं आणि मागचं चाक एकदम धरलं जातं, ती सिस्टिम. दुचाकीसाठी बनवलेली ही सिस्टिम तीन चाकांच्या मोटरसायकलवर, म्हणजे ट्राइकवर गेली तेव्हा चालवणाऱ्यांना काय अनुभव आले, ते आज बघूया. ट्राइक आपल्याकडे कुठे असते, असं म्हणाल. थोडं थांबा, शेवटी आपण तुमच्या गल्लीतच येणार आहोत.

आधी दोन मिनिटं फिजिक्स. दुचाकीवर जोरात ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं. पुढचं चाक रस्त्यावर घट्ट दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं. म्हणजे खरं काम पुढचा ब्रेक करतो आणि मागचा लगेच लॉक होऊ शकतो. पण घाबरलेला माणूस काय करतो? पाय दाबतो. पुढचा ब्रेक मारला तर पडू, ही भीती डोक्यात पक्की बसलेली असते. मग इंजिनिअर लोकांनी विचार केला की पाय दाबला तरी पुढचं चाक थोडं धरलं गेलं तर?

हा विचार बराच जुना आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ कंपनीने १९२० च्या दशकातच असे ब्रेक दिले होते. पाय दाबला की दोन्ही ब्रेक लागायचे, हाताचा लिव्हर फक्त पुढचा. पुढे १९७५ च्या सुमारास इटलीच्या मोटो गुझीने ८५० टी३ या गाडीवर तीन डिस्क बसवल्या. पेडल दाबलं की मागची डिस्क आणि पुढच्या दोनपैकी एक डिस्क धरली जायची. पुढची दुसरी डिस्क हाताच्या लिव्हरवर. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला होंडाने आपल्या मोठ्या टूरिंग गाडीवर, गोल्ड विंगवर, असाच जोड आणला.

१९९० च्या दशकात होंडाने एक पाऊल पुढे टाकलं. आता हाताचा लिव्हर दाबला तरी मागचा ब्रेक लागणार! यातली आयडिया भारी होती. पुढचा एक कॅलिपर किंचित फिरू शकेल असा बसवला. चाक त्याला ओढतं, तो फिरतो आणि फिरताना एका छोट्या दुसऱ्या मास्टर सिलिंडरला ढकलतो. तिथून ब्रेक ऑइलचा दाब मागच्या चाकाकडे जातो. मध्ये एक व्हॉल्व्ह असतो. दाब एका मर्यादेपुढे गेला की मागच्या चाकाला मिळणारा वाटा तो आवरता घेतो. कारण? मागचं चाक हलकं झालंय, जास्त दाबलं तर लॉक होईल.

हा व्हॉल्व्ह लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीचा खलनायक तोच आहे, आणि बिचाऱ्याचा दोष काहीच नाही.

दुचाकीवाल्यांमध्ये या सिस्टिमवरून दोन तट पडले. रोज लांबचा प्रवास करणारे म्हणायचे, झकास आहे, सामान आणि मागे माणूस असला तरी गाडी सरळ थांबते. तरबेज स्वार मात्र वैतागायचे. हळू वेगात यू-टर्न घेताना ते फक्त मागचा ब्रेक हलका धरून गाडी सांभाळतात. इथे पेडलबरोबर पुढचंही धरलं गेलं की वळलेल्या हँडलवर गाडी एका बाजूला कलायची. खडीच्या रस्त्यावर तर आणखी नको वाटायचं. काही जणांनी पाइप बदलून हा जोड चक्क तोडून टाकला. त्यांचं म्हणणं एकच होतं: कुठलं चाक किती धरायचं, ते मी ठरवणार.

आता येऊया तीन चाकांवर. अमेरिकेत ट्राइक ही काही नवी गोष्ट नाही. हार्ले-डेव्हिडसनची सर्व्ही-कार १९३२ ते १९७३ अशी चार दशकं बनत होती आणि पोलीससुद्धा ती वापरत. नंतर वेगळाच धंदा उभा राहिला. तयार मोटरसायकल घ्यायची, मागचं चाक काढायचं आणि तिथे एक्सल टाकून दोन रुंद चाकं बसवायची. यासाठी लोकांची आवडती गाडी कुठली? होंडा गोल्ड विंग. २००१ मध्ये आलेली १८०० सीसीची गोल्ड विंग जवळपास चारशे किलोची. वय झाल्यावर, गुडघा किंवा कंबर साथ देईनाशी झाल्यावर एवढं धूड सिग्नलला पायावर तोलायचं कसं? ट्राइक केली की पाय खाली टेकवायचीच गरज नाही.

पण ही गोल्ड विंग जोडलेल्या ब्रेकवाली! इथे चालवणाऱ्यांचे अनुभव एकदम बदलतात. दुचाकीवाल्यांची सगळ्यात मोठी तक्रार संपली, कारण तीन चाकांची गाडी हळू वेगात कलंडत नाही. उलट पाय हाच मुख्य ब्रेक झाला. एक पेडल दाबा, तिन्ही चाकं धरा.

मग अडचण कुठे आली? पहिली अडचण ऑइलची. मूळ मास्टर सिलिंडर मागच्या एका कॅलिपरच्या हिशेबाने बनवलेला. आता मागे दोन कॅलिपर, तेही मोठे. त्यांचे पिस्टन सरकवायला जास्त ऑइल लागतं, म्हणून पेडल जास्त खाली जातं आणि मऊ लागतं. त्यात या सिस्टिममध्ये पाइप आणि व्हॉल्व्ह इतके की नीट क्रमाने एअर काढली नाही तर कुठेतरी बुडबुडा अडकतोच. नव्या ट्राइकवाल्याला वाटतं, ब्रेकच खराब आहेत. एअर पुन्हा नीट काढली की कधी पेडल कडक होतं. कधी मास्टर सिलिंडरच मोठा टाकावा लागतो.

दुसरी अडचण आपल्या व्हॉल्व्हची. तो अजून समजतोय की ही दुचाकी आहे! ट्राइकचं मागचं टोक जड असतं. एक्सल, दोन रुंद टायर, डिकी, सगळं मागे. ब्रेक मारल्यावरही मागच्या चाकांवर बरंच वजन राहतं, म्हणजे तिथे पकड शिल्लक असते. आणि नेमक्या त्याच वेळी व्हॉल्व्ह मागचा दाब कमी करतो. मग पुढच्या एकट्या चाकावर जास्त भार येतो. ते लॉक झालं तर ट्राइक पडणार नाही, पण हँडल वळवलं तरी सरळच जात राहील. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर जुना आकडा कोडमध्ये कायमचा लिहून ठेवलाय आणि खाली मशीनच बदललंय. चांगली किट बनवणारे म्हणूनच ब्रेकचा हिशेब नव्याने मांडतात. ज्यांनी फक्त चाकं बदलली, त्यांच्या गिऱ्हाइकांना हा फरक अर्जंट ब्रेक मारल्यावर कळतो.

२००७ मध्ये कॅनडाच्या बीआरपी कंपनीने कॅन-ॲम स्पायडर आणली. पुढे दोन चाकं, मागे एक. इथे हाताचा ब्रेक लिव्हरच नाही, एका पेडलवर तिन्ही चाकं, सोबत एबीएस आणि गाडी घसरू न देणारं इलेक्ट्रॉनिक्स. जुने मोटरसायकलवाले पहिल्या दिवशी उजव्या हाताची बोटं हवेत मिटायचे, कारण धरायला तिथे काहीच नसायचं! पण सवय झाली की गाडी छान थांबते, कारण वजन पुढे झुकतं तेव्हा ते झेलायला दोन चाकं आहेत. इथे ब्रेक सुरुवातीपासून तीन चाकांसाठीच आखलेले होते. वाहनांच्या ब्रेकचा संयुक्त राष्ट्रांचा ७८ क्रमांकाचा नियमही तीनचाकीला पायाचा ब्रेक सगळ्या चाकांवर मागतो.

आणि आता तुमची गल्ली. पायाने दाबायचं एक पेडल, तिन्ही चाकांना ब्रेक, हँडल मोटरसायकलसारखं. ओळखलंत? आपली रिक्षा! पियाजिओची १९४८ ची आपे हे तिचं मूळ. पुण्याच्या बजाजने तिला घरोघरी ओळखीचं केलं आणि खुद्द पियाजिओची तीनचाकी आज बारामतीत बनते. रिक्षावाले काका ज्या ब्रेकवर रोज पोट भरतात, त्यासाठी अमेरिकेतल्या ट्राइकवाल्यांना एवढा खटाटोप करावा लागला.

दुसरी गोष्ट याहून जवळची आहे. १ एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालं. सीबीएस म्हणजे हेच जोडलेले ब्रेक. स्कूटरचा डावा लिव्हर दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. आता अशा स्कूटरला दिव्यांग व्यक्तीसाठी बाजूची दोन चाकं लावली तर? मागच्या चाकावरचं काही वजन या चाकांवर जातं. त्यांना ब्रेक नसेल, तर तेवढं वजन थांबवण्याच्या कामी येत नाही. मागचं चाक आधीपेक्षा हलकं होतं आणि लवकर लॉक होतं. पण सीबीएसचा हिशेब मात्र कारखान्यातल्या दोन चाकांचाच राहतो.

म्हणून हा जोड तोडून टाका, असं मी अजिबात म्हणत नाही. ज्याचा उजवा पाय चालत नाही, त्याला एका हाताने सगळी चाकं धरता येणं म्हणजे एकट्याने घराबाहेर पडता येणं. त्याच्यासाठी जोडलेला ब्रेक फार मोठी गोष्ट आहे. फक्त तो ज्या गाडीवर आहे, त्या गाडीच्या वजनाशी त्याचा मेळ हवा.

तेव्हा घरात कुणासाठी अशी चाकं लावून घेणार असाल, तर फिटरला तीन गोष्टी विचारा. बाजूच्या चाकांना ब्रेक आहे का? मागच्या चाकावर किती वजन राहतं? डावा लिव्हर आता कुठली चाकं धरतो? बदलाची आरटीओकडे नोंद करून घ्या. आणि गाडी ताब्यात आली की मोकळ्या मैदानात, ताशी वीसच्या वेगात, पाच-सहा वेळा जोरात ब्रेक मारून बघा. गाडी सरळ थांबते की एका बाजूला ओढते, ते तिथेच कळू दे. भर चौकात नको.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे ट्राइक, रिक्षा किंवा बाजूच्या चाकांची स्कूटर असेल, तर ब्रेकचा अनुभव नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!