दिग्रसचा रस्ता आणि सरकारी दप्तर

यवतमाळ जिल्ह्यातले दिग्रस दारव्हा आणि पुसद यांच्या वाटेवर आहे. भोवतालची जमीन कापसाची, काळी. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट बांधलेला रस्ता टिकत नाही. म्हणून आधी मुरमाचा भराव टाकायचा, त्यावर खडी दाबायची आणि नाल्यावर मोरी किंवा फरशी बांधायची. मैल, मोऱ्या, मुरूम आणि खर्च, रस्त्यांच्या जुन्या नोंदी प्रामुख्याने यांच्याच.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि कापसाच्या गाड्या बाजारात व रेल्वेपर्यंत पोचवणे हे रस्त्यांचे मोठे काम ठरले. १९०५ मध्ये वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले आणि मोडलेल्या वाशीम जिल्ह्यातला पुसद तालुका त्याला जोडला गेला. दारव्हा, दिग्रस आणि पुसद यांना जोडणारी वाट अशी एका जिल्ह्यात आली. रस्त्याकडेच्या चिंच-आंब्यांची दखल दप्तराने घेतली ती सावलीसाठी आणि उत्पन्नासाठी: फळांचा लिलाव होई, वठलेले झाड लाकूड म्हणून विकले जाई.

डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही प्रतवारी तिथल्या ‘नागपूर योजने’ने रूढ केली. लागवडीच्या भागातले गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे, असे तिचे उद्दिष्ट होते. मोजायचे होते ते अंतर. रस्त्यामुळे काय जाते, याचा रकाना अजून नव्हता.

तो रकाना कायद्यांनी हळूहळू आखला. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाने सागवान, आंबा, चिंच, मोह अशी ठरावीक झाडे परवानगीशिवाय तोडण्यास मनाई केली. १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमानुसार वनजमीन रस्त्याला देण्यापूर्वी केंद्राची मंजुरी आवश्यक झाली. पर्यावरणावरील परिणामांचे मूल्यांकन करण्याची अधिसूचना १९९४ मध्ये निघाली आणि २००६ मध्ये नव्याने आली.

दिग्रस आता राष्ट्रीय महामार्ग १६१-अ वर आहे. अकोला, मंगरुळपीर, मानोरा, दिग्रस, आर्णी, माहूर, किनवट अशी त्याची वाट. क्रमांकातही वंशावळ आहे: ६१ हा मूळ महामार्ग, १६१ त्याची शाखा, १६१-अ ही उपशाखा.

मात्र महामार्ग राष्ट्रीय झाला, म्हणजे प्रत्येक रुंदीकरणाचा पर्यावरण अहवाल निघतोच असे नाही. २००६ च्या अधिसूचनेत २०१३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला पर्यावरण मंजुरी लागते ती लांबी १०० किलोमीटरहून अधिक आणि जुन्या मार्गालगत घ्यायची जादा रुंदी ४० मीटरहून अधिक असेल तेव्हा. वळणरस्त्यांसाठी ही मर्यादा ६० मीटर आहे. त्याहून लहान कामाचा परिणाम एका फाइलीत सापडत नाही. झाडे वृक्षतोडीच्या परवानगीत, वनजमीन वनखात्याकडे, संपादित शेत भूसंपादनाच्या निवाड्यात, तर मुरूम महसूल खात्याच्या गौण खनिज परवान्यात असतो.

यातल्या मुरमाच्या कागदाला वेगळे मोल आहे. एका गावचा भराव म्हणजे दुसऱ्या गावचा खड्डा. हाच हिशेब उलटा मांडून विदर्भात ‘बुलढाणा पॅटर्न’ पुढे आला: तलाव आणि नाले खोल करायचे, निघालेला मुरूम महामार्गाला द्यायचा आणि झालेल्या खड्ड्यात पाणी साठवायचे.