सात अक्षरांची खिडकी

नाशिकमध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, तरी माझ्या डिग्रीवर नाव पुणे विद्यापीठाचं. त्याच विद्यापीठात १९८७ साली बायोइन्फर्मेटिक्स सेंटर सुरू झालं, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. तिथल्या अशोक कोळस्कर आणि प्रसाद टोणगावकर यांनी १९९० मध्ये मांडलेली एक पद्धत आजही वापरात आहे.

प्रश्न असा होता: विषाणू शरीरात शिरला, तर अँटिबॉडी त्याच्या प्रोटीनचा नेमका कुठला तुकडा ओळखेल? लस बनवणाऱ्याला हे आधी हवं असतं. प्रयोगशाळेत एकेक तुकडा तपासत बसलं, तर वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

वीस अमिनो आम्लांना वीस अक्षरं दिली, की प्रोटीन आपल्यासाठी एक स्ट्रिंग. प्रत्येक अक्षराला एक आकडा. सात अक्षरांची खिडकी एकेक घर पुढे सरकवायची, सरासरी काढायची, ती मधल्या अक्षराच्या नावावर मांडायची. सरासरी चढते तो तुकडा संशयित. सेकंड इयरचं पोरही हा लूप लिहील.

अवघड होते ते वीस आकडे. प्रयोगांतून आधीच सापडलेल्या तुकड्यांत कुठलं अमिनो आम्ल किती वेळा येतं आणि प्रोटीनच्या पृष्ठभागावर किती आढळतं, हे मोजून ते आले. अचूकता सुमारे ७५ टक्के. उरलेल्या चुका पकडायला पुन्हा प्रयोगशाळाच लागते.

‘बायोलॉजी न शिकता जमेल का?’ असं ज्युनिअर विचारतात. लूप जमेल. पण आकडे कुठून आले हे विचारल्याशिवाय त्याचं उत्तर खरं की खोटं, ते कळणार नाही.