बाळंतपण शिकायचं, मग समाजशास्त्र कशाला? मिडवाइफच्या अभ्यासातले विषय प्रत्यक्षात कुठे लागतात?

बाळंतपण करायला शिकायचं, तर पहिल्याच वर्षी हाडांची नावं, जंतूंचे प्रकार आणि समाजशास्त्र का पाठ करायचं? दोन वर्षांच्या एएनएम किंवा तीन वर्षांच्या जीएनएमला प्रवेश घेतलेल्या अनेक विद्यार्थिनींना हा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर प्रसूती कक्षात मिळतं.

शरीररचनाशास्त्र

पेल्विसचा, म्हणजे कमरेच्या हाडांचा, वरचा भाग आडवा रुंद असतो, तर खालचा पुढून मागे. त्यामुळे बाहेर येताना बाळाचं डोकं वळतं. तपासताना बोटांना लागणाऱ्या टाळूवरून बाळाचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते समजतं. हाडांचा धडा कच्चा असेल, तर हे ओळखता येत नाही.

सूक्ष्मजीवशास्त्र

व्हिएन्नाच्या एका रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते. शवविच्छेदन करून येणारे वैद्यकीय विद्यार्थी जिथे शिकत, तिथे बाळंतज्वराने जास्त बायका दगावत; मिडवाइफ शिकत तिथे कमी. डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त द्रावणात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये सुमारे १८ टक्के असलेलं मृत्यूंचं प्रमाण जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आलं.

गणित

गरोदर बाईचा रक्तदाब वाढून झटके आले, तर मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा १० ग्रॅमचा पहिला डोस द्यायचा असतो. औषध ५० टक्के तीव्रतेचं, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५० ग्रॅम. म्हणून १० ग्रॅमसाठी २० मिलिलिटर, म्हणजे २ मिलिलिटरचे १० अँप्यूल. दोन्ही कुल्ल्यांत निम्मे-निम्मे. हा हिशोब झटके आलेली बाई समोर असताना करावा लागतो.

समाजशास्त्र

मातामृत्यूंमागे तीन प्रकारचा उशीर असतो, अशी मांडणी १९९४ मध्ये झाली: दवाखान्यात जायचं ठरवायला, तिथे पोहोचायला आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला. पहिले दोन उशीर घरात आणि रस्त्यात होतात. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडची रीतही इथे महत्त्वाची ठरते. नोंदणी आणि तपासण्या सासरच्या गावी झालेल्या असतात, बाळंतपण दुसऱ्याच तालुक्यात. तपासणीचं कार्ड सोबत गेलं नाही, तर रक्तगट, हिमोग्लोबिन, आधीचा रक्तदाब यातलं काहीच तिथल्या नर्सच्या हाती नसतं. निर्णय सासू घेते की नवरा, गाडीची सोय कोण करणार, हे आधी विचारून ठेवणं हेसुद्धा नर्सचं काम आहे.

सगळे विषय एकाच कागदावर

कळा सुरू झाल्यावर भरला जाणारा पार्टोग्राफ हा असा कागद आहे. त्यावर बाळाचे ठोके, गर्भाशयाचं तोंड किती उघडलं, कळा, आईची नाडी, रक्तदाब आणि दिलेली औषधं यांची नोंद होते. सरकारी केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या सोप्या पार्टोग्राफमध्ये ४ सेंटिमीटरनंतर तासाला १ सेंटिमीटर या गतीची इशारा रेषा असते. आलेख तिच्या उजवीकडे सरकला, की उपकेंद्रातल्या नर्सने बाईला मोठ्या रुग्णालयात हलवायची तयारी करायची असते.

कोरा पार्टोग्राफ घेऊन त्यातल्या प्रत्येक रकान्यासमोर तो कोणत्या विषयाच्या कोणत्या धड्यातून आला, हे लिहून पाहिलं, तर अभ्यासातलं काय कशासाठी आहे ते लक्षात येतं.