स्वस्त औषधांचा हैदराबादी इतिहास

नल्लकुंट्याचे फीव्हर हॉस्पिटल आपणा सर्वांच्या परिचयाचे. ताप उतरला की रुग्ण घरी येतो. पण मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांची औषधे वर्षानुवर्षे चालतात आणि घरखर्चाचा मेळ बसत नाही. या औषधांचे भाव उतरवण्यात आपल्या शहराचा मोठा वाटा आहे. तो नव्या पिढीला ठाऊक असावा, असे आम्हाला वाटते.

१९६१ साली आय.डी.पी.एल. ही सरकारी कंपनी स्थापन झाली. सोव्हिएत मदतीने तिचा कारखाना बालानगरला उभा राहिला. तेथे अनुभव घेतलेल्या डॉ. अंजी रेड्डींसारख्यांनी पुढे येथेच स्वतःचे उद्योग काढले. १९७० च्या कायद्याने औषधाला नव्हे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट ठेवले. तेच औषध दुसऱ्या पद्धतीने बनू लागले, स्पर्धा वाढली, भाव उतरले.

२००५ पासून औषधांना पुन्हा पेटंट मिळू लागले. कर्करोगावरील सोराफेनिबला महिन्याला सुमारे २,८०,००० रुपये लागत. हैदराबादच्याच नॅटको कंपनीने सक्तीचा परवाना मागितला. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईत तो मंजूर झाला. भारतातील हा पहिलाच. किंमत ८,८८० रुपये ठरली. मूळ कंपनीला विक्रीवर ६ टक्के मोबदला आणि वर्षाला ६०० गरजूंना मोफत औषध, अशा अटी होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये परवाना कायम ठेवला.

ही सवलत कोणाच्या दयेने नव्हे, कायद्याने मिळाली. म्हणून डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहून मागताना आपण संकोच करू नये.