मागच्या अ‍ॅक्सलचे गणित

उभी मोटार हलविण्यास जोर लागतो. तीच मोटार मोकळ्या रस्त्याला लागली म्हणजे जोराची गरज सरते आणि इंजिन संथ फिरावे असे वाटू लागते. या दोन मागण्यांचा पेच अमेरिकन कारखान्यांनी दीर्घकाळ मागच्या अ‍ॅक्सलवर सोपविला होता. तेथे लहान पिनियन मोठ्या क्राऊनला फिरविते. पिनियनला अकरा व क्राऊनला एकेचाळीस दाते असतील, तर चाकाच्या एका फेऱ्यास शाफ्टाला ३.७३ फेरे घ्यावे लागतात. हा आकडा मोठा असला तर मोटार चटकन उचलते, पण हमरस्त्यावर इंजिन विनाकारण ओरडते. आकडा लहान असला तर पेट्रोल वाचते, मात्र निघतानाच मोटार रेंगाळते.

पेच सोडविण्याची युक्ती जुनीच आहे. १९५५ सालच्या शेव्हरोले मोटारीचे उदाहरण घ्यावे. साध्या तीन गिअरांच्या पेटीस कारखाना ३.७० चा अ‍ॅक्सल देई. दोन गिअरांच्या ‘पॉवरग्लाइड’ या स्वयंचलित पेटीस ३.५५ चा; आणि साध्या पेटीला ओव्हरड्राइव्ह जोडलेली असेल तर ४.११ चा. ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिनाच्या ०.७० फेऱ्यातच शाफ्टाचा एक फेरा पुरा होतो. म्हणजे निघताना ४.११ चा जोर, आणि वेगात असता अवघे २.८८! गिअरपेटी आणि अ‍ॅक्सल यांची जोडी एकत्रच ठरवावयाची असते, हे त्या कारखान्यास पक्के ठाऊक होते.

पुढे मोठी इंजिने आणि स्वस्त पेट्रोल यांच्या काळात ओव्हरड्राइव्ह मागे पडली. १९७३ च्या तेलटंचाईने ती परत आणली. १९७५ साली अमेरिकेत इंधनबचतीचा कायदा झाला. १९८० साली फोर्डने व १९८२ च्या मोटारींत जनरल मोटर्सने चार गिअरांची, ओव्हरड्राइव्ह असलेली स्वयंचलित पेटी दिली. जनरल मोटर्सच्या ‘७०० आर ४’ पेटीचा पहिला गिअर ३.०६ आणि चौथा ०.७० होता.

जुन्या मोटारींचे शौकीन ही पेटी आपल्या मोटारीत बसवू लागले, आणि येथेच घोटाळा होतो. सत्तरीच्या दशकातील पुष्कळ मोटारींना २.७३ चा अ‍ॅक्सल असे. त्यामागे ०.७० चा गिअर लागला की गुणाकार १.९१ येतो. सव्वीस इंची टायरांवर ताशी साठ मैलांस इंजिनाचे फेरे मिनिटाला १,४८० च्या आसपास उतरतात. इतक्या कमी फेऱ्यांत जुन्या इंजिनाला, विशेषतः वेगासाठी सुधारलेल्या इंजिनाला, दम राहत नाही. किंचित चढ आला की पेटी खालच्या गिअरात येते, पुन्हा वर जाते; कन्व्हर्टर जखडला असता मोटार थरथरते. मालक बिचारा नव्या पेटीला दोष देतो! तेथे ३.७३ चा अ‍ॅक्सल घातला तर गुणाकार २.६१ होतो आणि फेरे २,०२० च्या सुमारास राहतात. अर्थात हौसेला मर्यादा हवी. ४.५६ चा अ‍ॅक्सल घातल्यास पहिल्या गिअरचा गुणाकार चौदाच्या घरात जातो, आणि मोटार निघते न निघते तोच तो गिअर संपतो.

अ‍ॅक्सल बदलला की वेगदर्शकाचे लहान दातेरी चाकही बदलावे लागते, कारण त्याला चालना गिअरपेटीच्या मागच्या टोकाकडून मिळते. नाहीतर काटा खोटे बोलतो. १९५५ च्या पॉवरग्लाइड शेव्हरोलेत हीच चार गिअरांची पेटी बसविली, तर मूळ ३.५५ च्या अ‍ॅक्सलने चौथ्या गिअरचा गुणाकार सुमारे अडीच येतो, आणि तेथे क्राऊन-पिनियनला हात लावण्याची गरजच पडत नाही.