शास्त्रज्ञाची जागा

मुलाला शास्त्राची गोडी आहे हें घरांत एकदां कळलें, म्हणजे कौतुकाचे चार दिवस बरे जातात. पांचव्या दिवशीं प्रश्न निघतो तो हा कीं, यापुढें काय? वकिलाला न्यायालय असतें, वैद्याला दवाखाना असतो, कारकुनाला कचेरी असते. पण ज्याला निसर्गाचें एखादें कोडें सोडवावयाचें आहे त्यानें बसावें कोठें, आणि त्याच्या पोटापाण्याची सोय कोणी करावी? हा प्रश्न आजही घरोघर निघतो. मात्र आज त्याला पुष्कळ उत्तरें आहेत. १८८५ च्या सुमारास हिंदुस्थानांत त्याला जवळजवळ एकही उत्तर नव्हतें. तें कोणी आणि काय सोसून तयार केलें, हें पाहावयाचें तर कलकत्ता शहरांतील कांहीं माणसांचे आयुष्यक्रम जवळून पाहिले पाहिजेत.

त्या काळीं महाविद्यालयांत शास्त्र शिकविलें जाई, पण तें परीक्षेपुरतें. पदवी हातीं आली कीं विद्यार्थी वकिलीकडे किंवा सरकारी नोकरीकडे वळे. ही उणीव प्रथम ज्यांना खुपली ते महेंद्रलाल सरकार व्यवसायानें डॉक्टर होते. केवळ शास्त्राभ्यासासाठीं, हिंदी लोकांच्या पैशानें व हिंदी लोकांच्या व्यवस्थेखालीं चालणारी एक संस्था असावी, असा आग्रह त्यांनीं १८६९ पासून धरला आणि १८७६ सालीं 'इंडियन असोसिएशन फॉर दि कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था स्थापन केली. व्याख्यानगृह झालें, प्रयोगशाळा झाली, उपकरणें आलीं. पण संशोधनासच वाहून घेणारे प्राध्यापक नेमावयाचे तर त्यांच्या वेतनाची तरतूद कांहीं केल्या होईना. इमारतीसाठीं पैसा देणारे भेटत. माणसासाठीं देणारे भेटत नसत. १९०४ सालीं महेंद्रलाल वारले तेव्हां बहूबाजार रस्त्यावरील ती वास्तु उभी होती, परंतु जिच्यासाठीं ती बांधली तें काम करणारा माणूस तिला अद्याप मिळाला नव्हता.

सरकारी शिक्षणखात्याचें दार उघडें होतें असें म्हणतां येईल. पण तें अर्धेंच. १८८५ सालीं केंब्रिजचें शिक्षण संपवून आलेले जगदीशचंद्र बोस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकवूं लागले. काटेकोर शास्त्र शिकविणें हिंदी माणसास साधावयाचें नाहीं अशी वरिष्ठांची समजूत होती, आणि वेतनाचा नियमही त्या समजुतीस शोभेसाच होता. युरोपियन प्राध्यापकास जें मिळे त्याच्या दोन-तृतीयांश हिंदी माणसास. आणि बोस यांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याचेंही निम्में. काम सारखें आणि दाम तिसरा हिस्सा!

बोस यांनीं राजीनामा दिला नाहीं. ते आपलें अध्यापन पूर्ण करीत. महिन्याचा पगार मात्र घेत नसत. असें दोन-चार महिने नव्हे, तीन वर्षें चाललें. घरीं वडिलांच्या डोक्यावर कर्ज होतें; मध्यंतरीं, १८८७ सालीं, विवाह होऊन स्वतःचा संसारही सुरू झाला होता. या तीन वर्षांत त्या घरांत काय बोलणीं झालीं असतील याची कल्पना कोणत्याही गृहस्थास करतां येईल. शेवटीं खात्यानेंच हात टेकले. नेमणूक कायम झाली आणि मागील सर्व काळाचें पूर्ण वेतन एकदम चुकतें करण्यांत आलें. तें वडिलांच्या कर्जफेडीस लागलें. पुढें १८९४-९५ सालीं, शिकविण्याचे तास संभाळून, एका लहानशा खोलीत त्यांनीं विद्युल्लहरींचे जे प्रयोग केले, त्यांनीं त्यांचें नांव युरोपांत नेलें. परंतु त्या शोधाच्या पाठीमागें हीं तीन बिनपगारी वर्षें उभीं आहेत, हें विसरतां कामा नये.

असा निग्रह सर्वांस परवडत नाहीं, आणि तो न करणारा हलका ठरतो असेंही नाहीं. प्रफुल्लचंद्र राय एडिंबरो विद्यापीठाचे डॉक्टर होऊन १८८८ सालीं परत आले. कित्येक महिने त्यांना कामच मिळेना. १८८९ सालीं प्रेसिडेन्सी कॉलेजांत जागा मिळाली, ती हंगामी आणि दरमहा २५० रुपयांची. त्यांनीं वरिष्ठांकडे गाऱ्हाणें नेलें, तेव्हां जगांत दुसरे व्यवसाय आहेत, ही नोकरी पत्करण्याची सक्ती कोणी केलेली नाहीं, अशा आशयाचें उत्तर मिळालें. राय यांनीं नोकरी पत्करली. परंतु तें उत्तरही ध्यानांत ठेविलें. १८९२ सालीं अवघ्या ७०० रुपयांच्या भांडवलावर राहत्या घरांतच त्यांनीं औषधें व रसायनें तयार करण्याचा उद्योग आरंभिला. सकाळ-संध्याकाळ भट्टी आणि मधल्या वेळांत कॉलेज, असा त्यांचा क्रम असे. १९०१ सालीं त्याच उद्योगाची मर्यादित कंपनी झाली. तीच 'बेंगॉल केमिकल'. रसायन शिकलेल्या तरुणास सरकारी खात्याबाहेरही पोट भरतां येतें, ही गोष्ट बंगालला या कारखान्यानें दाखवून दिली.

तिसऱ्या माणसाची हकीकत अधिक चटका लावणारी आहे. आशुतोष मुखर्जी यांचा जन्म १८६४ चा. गणित हें त्यांचें वेड. विद्यार्थिदशेंतच त्यांचे लेख इंग्लंडच्या गणितविषयक मासिकांत छापले गेले. मुंबईचे कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनीं कलकत्ता विद्यापीठास दिलेल्या देणगीतून जी मानाची शिष्यवृत्ति मिळे, तीही त्यांनीं मिळविली. गणिताचें अध्यापन आणि संशोधन यांतच जन्म घालवावा अशी त्यांची इच्छा होती. शिक्षणखात्यांत जागा मिळण्यासारखी होती, पण ती युरोपियनांच्या बरोबरीची नव्हे. म्हणून ती त्यांनीं घेतली नाहीं. विद्यापीठ तेव्हां केवळ परीक्षा घेई, त्याला स्वतःचा गणिताचा प्राध्यापक नव्हता. आणि तसें पद निर्माण करण्यास पैसा जमला नाहीं. आशुतोष वकील झाले आणि १९०४ सालीं उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति झाले. लोकांनीं त्यांचें अभिनंदन केलें. गणिताचा एक संशोधक देशानें गमावला याची चुटपुट फारशी कोणास लागली नाहीं. ती आशुतोषांस मात्र जन्मभर लागून राहिली असावी, कारण त्यांचें पुढील सारें कार्य तिचीच साक्ष देतें.

१९०६ सालीं ते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरु झाले, आणि जी जागा आपणांस मिळाली नाहीं ती दुसऱ्यांसाठीं तयार करण्याच्या कामास लागले. १९१२ सालीं बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनीं जमीन व रोकड मिळून सुमारें १५ लाखांचें दान दिलें. पाठोपाठ १९१३ सालीं राशबिहारी घोष या नामांकित कायदेपंडितांनीं १० लाख रुपये दिले. या देणग्यांतून पदार्थविज्ञान, रसायन वगैरे विषयांची प्राध्यापकपदें निघाली आणि तीं हिंदी माणसांसच द्यावीं अशी अट घालण्यांत आली. २७ मार्च १९१४ रोजीं विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसली. ज्या वकिलीनें आजवर शास्त्राचे हुशार विद्यार्थी ओढून नेले होते, त्या वकिलीचाच पैसा शास्त्राच्या घरीं परत आला!

जागा झाली, आतां माणूस हवा. तो कलकत्त्यांतच होता, पण हिशेबखात्यांत. चंद्रशेखर वेंकट रामन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे विद्यार्थी. प्रकृतीच्या कारणावरून विलायतेचा बेत सोडावा लागला, तेव्हां १९०७ सालीं ते वित्तखात्याच्या स्पर्धा-परीक्षेस बसले, पहिले आले, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या वयांत कलकत्त्यास बड्या हुद्द्यावर रुजू झाले. तेथें एके दिवशीं ट्राममधून जातांना त्यांना महेंद्रलालांच्या संस्थेची पाटी दिसली. ते आंत गेले आणि काम करण्याची परवानगी मागितली. ती वास्तु इतकी वर्षें ज्याची वाट पाहत होती तो माणूस आला होता. कचेरीपूर्वीं सकाळीं आणि कचेरी सुटल्यावर रात्रीं उशिरापर्यंत ते तेथें प्रयोग करीत. १९०९ सालीं रंगूनला आणि १९१० सालीं नागपूरला बदली झाली. तेथेंही त्यांनीं आपला अभ्यास खंडित होऊं दिला नाहीं. १९११ सालीं ते कलकत्त्यास परतले.

आशुतोषांनीं पालित प्राध्यापकपद रामन यांस देऊं केलें. अडचण दोन प्रकारची होती. पहिली अशी कीं, या पदावरील माणसानें परदेशीं शिक्षण घेतलें पाहिजे असा संकेत होता. त्यासाठीं जाण्यास रामन यांनीं साफ नकार दिला, आणि आशुतोषांनीं नियमाला मुरड घातली. दुसरी अडचण घरची. सरकारी नोकरींत त्यांना जो पगार मिळत होता त्याच्या जवळजवळ निम्म्या वेतनावर हें पद होतें; शिवाय सरकारी खात्यांतील पुढची चढती वाट कायमची सुटणार होती. व्यवहार सांभाळणाऱ्या कोणत्याही वडीलधाऱ्या माणसानें 'नको' म्हणून सांगितलें असतें, आणि त्यास दोष देतां आला नसता. १९१७ सालीं रामन यांनीं हिशेबखातें सोडलें.

याच महाविद्यालयांत १९१६ सालीं प्रफुल्लचंद्र राय रसायनाचे पालित प्राध्यापक म्हणून आले होते. पुढें १९२१ पासून, वयाला साठ वर्षें झाल्यावर, त्यांनीं आपलें वेतनही विद्यापीठाच्या रसायनशाळेस देऊन टाकलें. बोस आणि राय यांच्या हाताखालीं शिकलेले मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस हे दोघे वर्गबंधुही येथेंच अध्यापक झाले. साहा यांनाही वित्तखात्याच्या परीक्षेस बसावयाचें होतें; राजकीय संशयामुळें परवानगी मिळाली नाहीं. विज्ञान महाविद्यालय नसतें, तर त्यांची वाट कोठें गेली असती हें सांगणें कठीण आहे. १९२० सालीं साहा यांनीं ताऱ्यांच्या वातावरणांतील अणूंविषयींचा आपला सिद्धांत मांडला. १९२४ सालीं सत्येंद्रनाथांचा प्रकाशकणांवरील निबंध आइन्स्टाइन यांनीं स्वतः भाषांतर करून जर्मनींत प्रसिद्ध केला. २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं बहूबाजारच्या त्याच जुन्या प्रयोगशाळेंत रामन यांस प्रकाश-विकिरणाचा शोध लागला आणि १९३० सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. आशुतोष १९२४ सालींच वारले होते. आपण केलेल्या निवडीचें हें फळ पाहण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

परंतु येथेंच थांबलें तर हा इतिहास अर्धाच सांगितल्यासारखें होईल. १९३३ सालीं रामन बंगलोरच्या 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स'चे संचालक झाले. त्याच वर्षीं मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेंत पहिली आलेली कमला भागवत ही महाराष्ट्रीय मुलगी तेथें संशोधनासाठीं प्रवेश मागूं लागली. तिचे वडील व चुलते याच संस्थेंत शिकलेले होते. अर्ज नामंजूर झाला. कारण एकच, ती मुलगी होती. ज्या माणसासाठीं दुसऱ्यानें नियमाला मुरड घातली होती, त्याच माणसानें दुसऱ्यासाठीं दार लावून घेतलें! कमलाबाई वडिलांसह बंगलोरला गेल्या आणि नकाराचें कारण विचारीत ठाम उभ्या राहिल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटी घालून: पहिलें वर्ष परीक्षेचें, काम पसंत पडेपर्यंत रीतसर मान्यता नाहीं, आणि आपल्या असण्यानें इतरांच्या कामांत व्यत्यय येऊं द्यावयाचा नाहीं. जगदीशचंद्रांना ज्या प्रकारची वागणूक अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीं मिळाली होती, तिचेंच हें दुसरें रूप.

कमलाबाईंनीं उत्तरही तसेंच दिलें, काम केलें. वर्ष संपल्यावर रामन यांचें समाधान झालें आणि त्यांच्या मागोमाग इतर मुलींनाही तेथें प्रवेश मिळूं लागला. पुढें त्या केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या पेशींतील 'सायटोक्रोम सी' या द्रव्यावर संशोधन करून १९३९ सालीं डॉक्टर झाल्या, आणि विवाहानंतर कमला सोहोनी या नांवानें मुंबईस त्यांनीं नीरेसारख्या गरिबांच्या आहारांतील पदार्थांवर दीर्घकाळ काम केलें. तरी त्या अटींचा सल त्यांच्या मनांतून उतारवयांतही गेला नव्हता.

आज शास्त्र आणि अभियांत्रिकी यांच्या वाटा निवडतांना मुलें गुण पाहतात, पालक पगार पाहतात. दोन्ही पाहणें योग्यच आहे. रामन यांनींही प्रथम पगारच पाहिला होता. मात्र त्यांना पुढें जें पद मिळालें त्यासाठीं महेंद्रलालांनीं आयुष्य वेंचलें होतें, पालितांनीं संपत्ति दिली होती आणि आशुतोषांनीं आपल्या निराशेचें रूपांतर कामांत केलें होतें. जागा मिळालेल्या माणसानें मागून येणाऱ्यासाठीं काय केलें, हाही त्याच्या आयुष्यक्रमाचाच भाग होय. घरांत 'यापुढें काय?' हा प्रश्न निघेल, तेव्हां त्याच्या उत्तरांत एवढाही मजकूर असावा.